तीन प्रती, एक पिशवी

“तीन? अन् तिन्ही याच पिशवीत?”

सारंगधरबाबांनी बोरू खाली ठेवला.

समोर यशोधन बसला होता. पुण्याचा. गळ्यात कॅमेरा, मांडीवर पिशवी, आणि त्या पिशवीला तो प्लॅस्टिकचा चौथा वेढा घालत होता. मेळघाटात दोन महिने पायी हिंडून त्या दुपारी तो मठात टेकला होता. उद्या सकाळी नदी ओलांडून पुढच्या पाड्यांवर जायचं होतं. पाणी छातीला लागत होतं.

“तीन,” तो म्हणाला. आवाजात अभिमान होता, आणि तो अगदीच फुकटचा नव्हता. “मूळ कार्ड. दुसरं कार्ड. आणि ही डबी. हिच्यात कार्ड सरकवलं की फोटोंची प्रत आपोआप हिच्यातच उतरते. कॉम्प्युटर लागत नाही.”

त्याने वेढे सैल करून डबी काढून दाखवली. बाबांनी ती हातात घेतली. उलटीपालटी केली. कानाशी नेली.

“लिहितानी चुकत नाही?”

“एकही चूक नाही.”

“बेस हाय. माह्या हातून पानाले दोन चुका होतात.”

तीस वर्षं बाबा एकाच पोथीच्या नकला करत होते. डबीचा त्यांना हेवा वाटला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

“कायचे फोटो हायेत?”

“डोंगरातल्या एका गावाचे. गाव पंधरवड्यापूर्वी उठलं, वाघांसाठी. घरं पाडली. माणसं तीन तालुक्यांत पांगली.” यशोधनने पिशवीवर हात ठेवला. “शेवटचा महिना मी तिथे होतो. अकराशे फोटो आहेत. आता ते गाव एवढंच उरलंय, बाबा. परत काढायला जागाच नाही.”

बाबांनी पिशवीकडे पाहिलं.

“म्हणून तर तळहाताच्या फोडासारखं जपतोय.”

“अन् नदीनं तुलेच नेलं त?”

यशोधन हसला. मग ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

“रेंज असती तर कालच पाठवून दिले असते,” तो जरा घाईने म्हणाला. “दूर कुठेतरी मोठाली यंत्रं असतात. तिथे राहतात.”

“कोनाची यंत्रं?”

“कंपनीची.”

“वळखतं तू त्याइले?”

“नाही.”

“पायलं कधी?”

“...नाही.”

“हं,” बाबा म्हणाले, आणि डबी परत दिली. यशोधनने ती आत ठेवून वेढे पुन्हा आवळले.

तेवढ्यात बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन यमुनाबाई कासारीण आली. डोंगरातल्या पाड्यांवर बांगड्या भरून ती दर आठवड्याला याच वाटेने परतवाड्याला परत जायची. टोपली उतरवून तिने दंडवत घातला आणि घटकाभर सावलीला टेकली. एसटीला अजून वेळ होता.

“हे परतवाड्याले चालली,” बाबा यशोधनला म्हणाले. “तिथं पोस्ट हाय. एक कार्ड तिच्यापाशी दे. हेच तुह्या घरी धाडून देईन.”

यशोधन चांगल्या घरचा मुलगा. त्याने आवाज खाली आणला.

“बाबा, ओळख ना पाळख...”

आवाज खाली आणला तरी मठ लहानसाच. यमुनाबाईने ऐकलं. ती टोपलीतल्या बांगड्या सारख्या करत राहिली.

“त्यापेक्षा तुमच्या एखाद्या शिष्याकडे ठेवतो ना,” यशोधन म्हणाला. “तुमचा माणूस म्हणजे विश्वासाचा.”

“माहा मानूस माह्यासंगंच राह्यते. माह्या घराले आग लागली त तो बी त्याच घरात असते.”

बाबांनी पुढ्यातलं पान सारखं केलं. मग म्हणाले, “लागली होती.”

“काय?”

“आग. माह्या गुरूच्या गुरूच्या टायमाले. मूळ पोथी अन् तिची नक्कल, दोन्ही एका सागवानी पेटीत होत्या. पेटी भिंतीत बसोली होती. कुलूप लय मजबूत होतं... कोनालेच काढता नाही आली.”

यशोधनने बाबांपुढच्या पोथीकडे पाहिलं. पानं जुनी होती, कडा कुरतडलेल्या होत्या. हिच्यावरूनच तर बाबा नक्कल करत होते.

“मग ही कुठून आली?”

“सात सालानं एक धनगर आला. मेंढरं दाराशी उभी केली, अन् घोंगडीतून हे काढून देली. त्याच्या आज्याले मठातून कोन्या तरी साधूनं ठेवाले देली होती. घेऊन जायाचं सांगून साधू काही परत आला नाही. याहीनं दोन पिढ्या जपली.”

“वाचायचे ते?”

“धनगराच्या घरात कोनालेच अक्षर येत नव्हतं.”

यशोधनला यावर पुष्कळ विचारायचं होतं. साधू कोण, त्याने परक्या माणसाला पोथी दिलीच कशी, मठात त्याची नोंद का नव्हती. पण बाबा उठले होते.

त्यांनी फडताळातून एक पोथी काढली. ही नवी होती, शाई अजून काळीभोर. चौदा महिन्यांचं काम. मेणकापडात ती नीट गुंडाळली, वरून सुतळी बांधली, आणि यशोधनच्या मांडीवर ठेवली.

“उद्या तू नदी उतरतंच. पल्याड जो पयला मठ लागन, तिथं दे. आमची रीतच हाय. नक्कल झाली का मठात ठेवाची नाही, अन् आपल्या मानसाजोळ देयाची नाही.”

यशोधनने हात मागे घेतले. पोथी मांडीवरच राहिली.

“बाबा, तुम्ही मला आज पहिल्यांदा पाहताय.”

“हो.”

“वाहून गेली तर?”

“त दुसरी लिहीन. हे जुनी हायेच ना इथं.”

“आणि मी नेऊन विकली तर?”

“त इकत घेनारा तरी जपन.”

यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसली.

यशोधनने मांडीकडे पाहिलं. एका बाजूला चौदा महिने, एका बाजूला अकराशे फोटो. त्याला लाज वाटली. कशाची, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग त्याने पिशवीचा पहिला वेढा सोडला. दुसरा सोडला. चौथ्या वेढ्याला नखं लागेनात, तेव्हा दात लावला. दुसरं कार्ड काढलं, वहीच्या कागदावर घरचा पत्ता लिहिला, त्यात कार्डाची पुडी बांधली आणि यमुनाबाईपुढे धरली. पोस्टाचे पैसे द्यायला गेला, तर तिने हात झटकला.

“काय हाय याच्यात, भाऊ?”

“माणसं आहेत, मावशी. एक अख्खं गाव.”

“कोनतं?”

त्याने नाव सांगितलं. यमुनाबाईचा हात थांबला.

“तिथं भरल्या ना मी बांगड्या. वीस साल...” ती म्हणाली. “टोपलीत नाही ठेवत मंग.”

तिने पुडी पदराच्या टोकाला बांधली, वर आणखी एक गाठ मारली, आणि पदर कमरेला खोचला. बाबांच्या पायाशी वाकली, हळूच काहीतरी बोलली, आणि टोपली उचलून चालू लागली.

यशोधन दारात उभा राहिला. पायवाट वळेपर्यंत ती दिसत होती. मग नुसती टोपली दिसली. मग तीही दिसेना.

तो परत येऊन बसला. पोथी जवळ ओढली. उठला. पुन्हा बसला.

बाबांनी बोरू शाईत बुडवला होता.

“बाबा... ती नेऊन पोचवेल ना नक्की?”

बाबांनी ओळ पुरी केली. मान वर न करता म्हणाले,

“जाता जाता तिनं बी मले हेच इचारलं... तुह्याबद्दल.”