वानरांच्या दोन रांगा

डोंगराच्या पायथ्याशी, एका दाट जंगलात, एक सायाळ राहत असे. अंगावर काटे आणि डोक्यात प्रश्न, दोन्ही भरपूर! तिचं बीळ दरीत अगदी तळाला होतं आणि बिळात दोन लहान पिल्लं होती. तिथून डोंगरावरचं काही दिसत नसे. वणवा पेटलाच, तर तो कळायचा वानरांकडून. माथ्यावरचा वानर "खॉक!" करून ओरडायचा, खालच्या झाडावरचा ते ऐकून पुढे ओरडायचा, असं करत निरोप दरीपर्यंत यायचा. वानरांच्या अशा दोन रांगा होत्या, ओढ्याच्या दोन्ही काठांवर एकेक. तिथंच का म्हणाल, तर मुलांनो, गोड उंबरं तिथंच होती ना!

"एक रांग चुकली तर दुसरी आहे," वानरांचा म्होरक्या ऐटीत सांगे.

सायाळीला राहवेना. "दादा, परीक्षा घेऊन बघू या का?" मग एका वानराला गप्प बसवलं. निरोप दुसऱ्या काठानं आला. मग त्याला मोकळं सोडून समोरच्या काठावरच्या एकाला गप्प बसवलं. तरीही आला. सगळ्यांनी उड्या मारल्या. सायाळ मात्र म्हणाली, "एकाचा घसा बसला तर काय होतं, ते कळलं. पण वणवा काय एकेका झाडाला विचारून येतो? अख्खा ओढाकाठच गप्प झाला तर?"

"तुझं आपलं काहीतरीच, बाई!" म्होरक्या हसला. पण ती हटूनच बसली, तेव्हा एका दुपारी दोन्ही काठ गप्प राहिले. म्होरक्या माथ्यावरून घसा फाटेस्तोवर ओरडला आणि मग धावत दरीत आला. पाहतो तर काय, पिल्लं गाढ झोपलेली आणि सायाळ निवांत मुळं कुरतडतेय! "दादा, ओरडणार कधी?" तिनं विचारलं. तो ओरडून दमला होता हे ऐकताच ती मूळ तिथंच टाकून उठली.

ओढ्यापासून लांब कोण राहतं, याचा तिनं शोध घेतला. पलीकडच्या उघड्या कातळावर टिटवी होती. टिटवी ओरडली की अशुभ, म्हणून तिला कुणी विचारतच नसे.

"अगं, मला माथाही दिसतो आणि तुझं बीळही," टिटवी म्हणाली. "सांगेन की!"

वानरांनी नाकं मुरडली. "अपशकुनी मेली!"

"अशुभ ओरडण्यात असतं, की वेळेवर न कळण्यात?" सायाळ फणकारली.

चैत्रात वणवा पेटला, तो नेमका ओढ्याच्या वरच्या अंगाला. ओढा आटलेला, पाचोळा वाळलेला. दोन्ही काठांवर एकदमच धूर पसरला आणि वानर खोकत, धडपडत पळत सुटले. ओरडणार कोण? तेवढ्यात कातळावरून टिटवीनं आकांत मांडला. सायाळीनं पिल्लांना पुढे घातलं, वाटेत सशांना, भेकरांना हाका मारल्या आणि सगळे उघड्या कातळावर पोहोचले. मागे तिच्या बिळावरून आगीचे लोळ गेले.

वानराचं तोंड मुळातच काळं. म्होरक्याची त्या दिवशी शेपटीही काळी झाली होती. तो कातळावर येऊन पिल्लांजवळ बसला.

"बाई," तो खोकत खोकत म्हणाला, "आमच्या रांगा दोन होत्या खऱ्या, पण धुराला त्या एकच दिसल्या."

तात्पर्य : एक धागा तुटला तर काय, एवढंच पाहून भागत नाही, सगळा पदरच पेटला तर काय, हेही संकट येण्याआधीच विचारावं.