तीन महिन्यांचं पाणी

गडाला वेढा पडला होता. टाक्यातलं पाणी माणशी तांब्याभर मिळे आणि किल्लेदार भुजंगरावाच्या विहिरीला कुलूप होतं. तहानेने तीन पोरं दगावली, तरी तो म्हणे, “टाक्यात तीन महिन्यांचं पाणी आहे.”

आकड्यांना भिणाऱ्या बायकांना चिंचोक्यांच्या खेळातून हसत-हसत हिशेब शिकवणारी येसाक्का सदरेवर आली. “सरकार, आम्ही मोजलं. पाणी बाराच दिवसांचं आहे.”

“खेळातलं गणित खोटं!” किल्लेदार कडाडला. “कडेलोट करीन.”

“आमचं खोटं, तर आपलं खरं. मग विहीर आम्हाला द्या आणि आपण तीन महिने टाक्याचं पाणी प्या.”

सगळी सदर किल्लेदाराकडे बघू लागली. त्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

संध्याकाळी कुलूप निघालं. पहिली घागर येसाक्काने पोर गेलेल्या आईपुढे ठेवली. ती नुसती पाण्याकडे बघत बसली.