मासोळी घोडीच्या पोटातला मोती

एक होता राजा, पण गोष्ट त्याच्या घोडीची आहे, बरं का. घोडीचं नाव मासोळी. राजाला तिचा भारी अभिमान. म्हणायचा, "माझी घोडी माळावरचं गवत हुंगतसुद्धा नाही!" मग मासोळी दिवसभर पागेत उभी. खायला नुसता हिरवागार लसूणघास, तोही राजा स्वतः भरवायचा.

एकदा काय झालं, मासोळी गडबडा लोळायला लागली. पाय झाडी, मान वळवून पोटाकडे बघी. पोटशूळ! मग वैद्यानं हिंग-ओवा पाजला. थांबला नाही. मग राणीनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. थांबला नाही. मग राजा देवीला सोन्याची घंटा बोलला. तरी थांबला नाही.

आणि पहाटे, टण्‌! लिदीतून एक दगड पडला. हसता काय रे? खरंच, लिदीतूनच! कळ थांबली. दगड धुतला, तर मोत्यासारखा चकचकीत. राजा नाचायलाच लागला.

"इतरांच्या घोड्या लीद टाकतात, माझी मोती टाकते! आणा आणखी लसूणघास!"

ढोल वाजले. राजकन्या सगुणा तेवढी दगड चाचपत बसली.

"आबासाहेब, याची एक बाजू चपटी आहे."

"मोत्याला नावं ठेवतेस?"

"डब्यात दाबून भरलेले लाडू कुठे चपटे होतात? एकमेकांना टेकतात तिथेच ना? याचा जोडीदार अजून पोटात आहे. तो अडकला तर मासोळी जाईल हो!"

ढोल थांबले. मग मासोळीनं मान उचलली आणि, ऐका हं, चक्क बोलली. "महाराज, एवढेसे खडे गेले होते पोटात. रोज तोच चारा, रोज उभी. थरावर थर चढले. मला माळावर न्या."

"राजाची घोडी माळावर? लोक हसतील!"

"हसू देत," सगुणा म्हणाली. "हसणाऱ्यांच्या पोटात दगड नाही."

मग राजानं स्वतः दोर धरला. मासोळी चालली. मग कोरडं गवत खाल्लं. मग ओढ्याचं पाणी प्यायली, दुडक्या चालीनं धावली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, टण्‌! पडला की दुसरा!

तेव्हापासून कुणी पाहुणा राजा आला, की हा त्याला थेट माळावर न्यायचा. धुळीनं माखलेली मासोळी दाखवायचा आणि छाती फुगवून म्हणायचा, "ही माझी घोडी. बोलते माणसासारखी, चरते घोडीसारखी!"

मासोळी सुखी, सगुणा सुखी, राजाही सुखी. आता तुम्हीही कुशीवर वळा पाहू, आणि मिटा डोळे.