उपड्या वाट्या

एकदा एका तालुक्याच्या गावी एका वृद्ध आचाऱ्याने सामायिक स्वयंपाकघर उघडले. खाद्यपदार्थांचा व्यवसाय करू पाहणाऱ्यांनी तिथे यावे, मोठ्या शेगड्या वापराव्यात, शिकावे आणि पाय रोवले की स्वतःची वाट धरावी, अशी योजना होती. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

हेमांगी ही त्यांची शिष्या. पतसंस्थेत नोकरी करी आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन मसालेभात रांधी. तिच्या भाताची कीर्ती सासर-माहेर दोन्हीकडे होती. कौतुकाने माणूस फुगतोच, ती तरी अपवाद कशी असेल! नोकरी सोडून डबे सुरू करायचे तिने ठरवले. राजीनामा लिहून तयार होता, सोमवारी द्यायचा होता. अण्णांनी एवढेच सांगितले की, रविवारी चोवीस अनोळखी माणसांना जेवू घाल, मग काय ते ठरव.

रविवारी पंगत बसली. काजू, भरपूर तूप, घरचा गोडा मसाला. घमघमाट सुटला होता. पाहुणे वाहवा करू लागले. हेमांगी पदर सावरून पुढे जाणार, तोच अण्णांनी तिला मागच्या मोरीपाशी बोलावले आणि उष्टी काढायला बसवले. बाकीच्या शिष्या एकमेकींकडे पाहू लागल्या. हेमांगीचा चेहरा लाल झाला. आजच्या दिवशी हा अपमान कशासाठी, ते तिला कळेना. पण अण्णांचा शब्द मोडवेना.

ताटे येऊ लागली. पहिल्या ताटात वाटी उपडी होती. तिने ती उचलली, तर खाली मूठभर भात! दुसऱ्यातही तेच. चोवीसपैकी एकोणीस ताटांत भात असा झाकलेला निघाला. तिचे हात थांबले आणि डोळे भरून आले. "तोंडावर तर सगळे छान म्हणत होते, अण्णा," ती म्हणाली.

अण्णा शेजारी पाटावर बसले. "पोरी, ते खोटं बोलले नाहीत. भिडेनं बोलले. तू चव बघतेस तळहातावर, चिमूटभर. लोक जेवतात ताटभर. आजवर स्वतःचा भात पोटभर खाल्लास कधी? तुझा पहिला घास फार सुंदर आहे, पण पाचवा जड होतो. घरची माणसं प्रेमानं ताट संपवतात. परका मात्र गुपचूप येईनासा होतो, कारण सांगायला थांबत नाही. ही जागा मी शेगड्यांसाठी नाही काढली. इथे चुकलं तर ताटं खरवडावी लागतात, बाहेर चुकलं तर संसार उघडा पडतो."

हेमांगीने हात धुतले. मग तिने पातेल्यातला भात ताटभर वाढून घेतला आणि तिथेच बसून खाल्ला. पाचव्या घासाला तिचा हात खरोखरच मंदावला.

इतक्यात एक पाहुण्या बाई निरोप घ्यायला आल्या. भात अप्रतिम होता, म्हणाल्या. हेमांगीने हात जोडले आणि शांतपणे विचारले, "मग ताटात का उरला हो, ताई?"

बाई ओशाळल्या. क्षणभर थांबून म्हणाल्या, "खरं सांगू? तूप थोडं कमी असतं ना, तर मी पुन्हा मागून घेतला असता."

त्या दिवशी शंभर वेळा कौतुक ऐकलेल्या हेमांगीला हे एकच वाक्य आशीर्वादासारखे वाटले. सोमवारी राजीनामा घरीच ठेवून ती नेहमीप्रमाणे कामावर गेली.