अरुंद दाराचा उखाणा

एकदा एक महाज्ञानी वृद्ध होता. तो मीच. 'महाज्ञानी' हे विशेषणही माझेच. आठवीत जाण्याआधीच माझी आणि शाळेची फारकत झाली, तेव्हा सांभाळून घ्यावे.

या वृद्धाला एक शिष्या होती, त्याची नात शाल्मली. संगणकाच्या चिपवर तारांचे मार्ग आखणे हे तिचे काम. घरच्या लग्नातही ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली.

"नवरदेवसुद्धा एवढा घामाघूम नाही गं," मी म्हणालो.

"आजोबा, नखाएवढ्या चिपवर लाखो तारा, आणि एकीने दुसरीला शिवायचं नाही. प्रत्येकीला जवळात जवळची वाट दिली, तर सगळ्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत घुसल्या. एक तार बाहेरच राहिली. संध्याकाळपर्यंत आराखडा कारखान्यात गेला नाही, तर आमचा नंबर थेट पुढच्या वर्षी."

तेवढ्यात आचाऱ्याने बोंब मारली. स्वयंपाकघर आणि पंगत यांमधल्या अरुंद दारात दागिने घेऊन आलेला सराफ, करवल्या, फोटोवाला, सगळे एकदम अडकले होते. त्यांच्यामागे उकळत्या आमटीचे पातेले घेतलेला वाढपी, आणि पलीकडे कोरड्या भातावर खोळंबलेली पंगत.

वृद्धाने काय केले? खुर्ची उचलली आणि त्याच दाराच्या चौकटीला लावून बसला. "उखाणा घ्या, मग पुढे जा. फुकट वाट नाही."

"आधीच गर्दी, त्यात तुम्ही," शिष्या कळवळली.

सराफ लाजला आणि अंगणातून वळसा घालून गेला. करवल्या फिदीफिदी हसत मागच्या दाराकडे पळाल्या. फोटोवाल्याचे लग्नच झालेले नव्हते, तोही त्यांच्यामागे. वाढप्याला मात्र मागच्या पायऱ्यांवरून पातेले नेणे शक्य नव्हते. तो तिथूनच गरजला:

"आमटीला दिली फोडणी, वर टाकली कोथिंबीर,
कुसुमचं नाव घेतो, वाट सोडा, सुटलाय धीर."

आमटी पंगतीत पोचली.

मी म्हणालो, "बाळे, मी कुणाला हाकलले नाही, कुणाला वाट दाखवली नाही. अरुंद जागेला फक्त मोल लावले. ज्याला दुसरी वाट आहे, तो ती आपणहून शोधतो. ज्याला नाहीच, तो मोल देऊन सुखाने जातो. पुढचं गणित तुझं तू कर, मला पावकीसुद्धा येत नाही."

शाल्मली एकदम ताठ बसली. "म्हणजे अडलेल्या तारेशी झगडायचंच नाही. गर्दीच्या जागेला दर लावायचा, सगळ्या तारा उचलून पुन्हा मांडायच्या, आणि जिथे अजून रेटारेटी, तिथे दर चढवायचा."

बोटे धावू लागली. मी मठ्ठ्याची वाटी पुढे केली, तिने ती न बघताच माझ्या टोपीवर ठेवली. पडद्यावरच्या मधल्या पट्टीतला गर्दी दाखवणारा लाल रंग विरत गेला. कितीतरी तारा मुकाट्याने कडेने निघाल्या, आणि राहिलेली ती एक तार मधून सरळ आरपार गेली. शाल्मली अशी किंचाळली, की नवरीने दचकून घास खाली ठेवला. आराखडा तिथूनच रवाना झाला.

"मग? गुरुदक्षिणा?" खुर्चीवरून न हलता मी हात पुढे केला.

तिने मागच्या दाराकडे बोट दाखवले.

"दर चढवायचा असतो तसा उतरवायचाही असतो, आजोबा. तुमचं हे दार केव्हाचं ओस पडलंय, सगळं वऱ्हाड तिकडे चेंगरतंय. आजीसुद्धा तिथेच अडकलीय. मी म्हटलं, एक उखाणा घे आणि आजोबांच्या दारातून ये. तर म्हणाली, त्या माणसाचं नाव घेण्यापेक्षा उपाशी राहीन."