बोटभर उंच

घाटातून बैलगाड्या जाऊन डांबर आलं, त्या काळची गोष्ट. तिथे चारही चाकांनी ओढणारी एक जीप होती. एकदा खडीने तिचा एक टायर फाटला. मालकाने झिजलेली स्टेपनी मागे तशीच टांगलेली ठेवली आणि कोरा करकरीत टायर आणून बसवला. त्याला कुंकू लावून नारळही फोडला.

नवा टायर फुशारला. बाकीचे तिघे झिजून बोटभर ठेंगणे झालेले. त्याच्या बरोबरीने राहायला त्यांना जास्त गरगरावं लागे.

"म्हातारपणी कसली ही धावपळ?" तो म्हणाला.

जीपच्या पोटातलं दातेरी चक्र कण्हलं, "अरे, तुम्ही कमीजास्त फिरता, ती ओढाताण माझ्या दातांवर येते."

"मग तुझेच दात किडलेत."

चढावर जळक्या तेलाचा वास आला, पोटात कडाडलं आणि जीप जागीच थांबली. नवा टायर हादरला. त्याच्या अंगावर तर साधा ओरखडा नव्हता.

मिस्त्रीने नवं चक्र घातलं आणि मग नव्या टायरलाच उतरवलं.

"माझं काय चुकलं?" त्याने कसंबसं विचारलं.

"काहीच नाही रे," शेजारचा टायर म्हणाला. "आमच्याएवढा झिजलास की ये."

मिस्त्रीने त्याच्या जागी जुनी स्टेपनी बसवली आणि त्याला मागे टांगलं. तिथे झिजायची सोय नव्हती.