रक्षाबीज

एका राज्यात माती काळीभोर होती, पाऊसही वेळेवर पडे, आणि तरी कोणी रानात पाय टाकत नसे. का, ते ऐका. आणि ऐकून संताप आला तर गिळू नका.

वीस वर्षांपूर्वी त्या गरीब राज्याची शेजारच्या तितक्याच गरीब राज्याशी लढाई जुंपली. तेव्हा नदीपलीकडच्या श्रीमंत रत्नशेखर राजाने जादूची पाती पाठवली. इकडेही पाठवली आणि तिकडेही. पाते जमिनीत पुरायचे. वर पाऊल पडले की ते उसळे आणि पाय तोडी. डब्याडब्यात सुवासिक पत्र होते, 'आपल्या सीमेसाठी हे रक्षाबीज.' नाव बघा केवढे गोजिरे. पुढे दोन्ही राजांनी तह केला, एका पंगतीत जेवले. पण पात्यांना तहाचे कोण सांगणार? ती जागीच राहिली.

भिवरा कुंभारणीची थोरली लेक सगुणी तहानंतर सात वर्षांनी जन्मली. लढाई कशी असते तेही तिला ठाऊक नव्हते. तळ्याकाठी माती आणायला गेली आणि उजवा पाय गमावून बसली. आता धाकटी मंजुळा भिंत धरून उभी राहू लागली होती. महिन्याभरात ती अंगणाबाहेर धावणार, या विचाराने भिवरा चाक सोडून उठली.

तिने टिटवीला विचारले, कारण टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि पाती कुठे आहेत हे तिला कळते.

"ही निजवायची कशी?"

"ज्याने जागवली त्याला विचार," टिटवी म्हणाली.

भिवरा नदी ओलांडून रत्नशेखराच्या दरबारात गेली. बाई दमून परत जाईल, म्हणून राजाने तिला तीन कामे सांगितली. पहिले, मेलेल्यांची साक्ष आण. पात्यांनी मेलेल्यांना जिथे टाकले होते त्या कोरड्या विहिरीत ती उतरली. मेलेले एकेक करून बोलले, आणि त्यांचे बोलणे तिने मडक्यात भरून आणले. दुसरे, तुटलेल्या पायांचे ठसे आण. ते तिने गावोगावच्या धुळीतून उचलले आणि भाकऱ्यांसारखे फडक्यात बांधून आणले. सगळ्यांत वर सगुणीचा ठसा होता. तिसरे, पाती आमचीच याचा पुरावा आण. टिटवीने जागा दाखवली, भिवराने बाजूने माती कोरून जिवंत पाते काढले. त्यावर राजमुद्रा होती. शेजारी गंजलेला डबा होता, त्यातले पत्रही तिने घेतले.

राजाने मुद्रा पाहिली. डोळ्याची पापणी लवली नाही.

"आम्ही फक्त दिली. पुरली तुमच्या राजांनी."

फक्त दिली! मडक्यातले मेलेले हे ऐकून गप्प झाले, इतकी त्यांना लाज वाटली. ज्याला वाटायला हवी होती तो विडा चघळत होता.

भिवरा राजाच्या मांत्रिकाकडे, कालकेतूकडे वळली. "निजवायचा मंत्र कुठाय?"

"केलाच नाही, बाई. कोणी मागितला नाही." मांत्रिकाने मान खाली घातली. "मात्र महाराजांच्या अनवाणी पावलाखाली पाते मरते. महाराजांना आपल्याच मालाची भीती वाटत होती, म्हणून तेवढी सोय ठेवली."

"मग चला, महाराज."

"आम्ही का?"

भिवराने पत्र पुढे केले. "यात तुम्ही बीज लिहिलंय. आमच्याकडं ज्यानं बी दिलं त्यानं पेरल्या रानातून आधी अनवाणी चालायचं असतं. तोवर तिथं कुणी पाय टाकत नाही."

रत्नशेखराच्या देशात राजाचा लिहिलेला शब्द मागे घेता येत नसे; बीज लिहिले म्हणजे बीजाची रीतही पाळावीच लागे. रत्नशेखराचे जोडे आपोआप गळून पडले आणि पाय त्याला न विचारता चालू लागले.

आधी तळ्याकाठचे रान झाले. दर पावलाखाली एक पाते मातीत विरघळले. राजाच्या टाचा फुटल्या, पण पाय थांबेनात. मागून नांगर निघाले. मंजुळा धावली, धपकन पडली आणि पुन्हा धावली. भिवरा तिथेच बसून रडली. सगुणीचा पाय मात्र कुठल्याच मंत्राने परत आला नाही.

बांधापाशी पायांनी राजाला घटकाभर उसंत दिली. तिथे सगुणी कुबडीवर टेकून उभी होती.

"अजून किती उरलं, मुली?"

"दोनशे अकरा गावं," सगुणी म्हणाली. "दमला असाल तर बसा, महाराज. पण बघून बसा."